देवळातले कासव आणि ओढ्यातली पिशवी



महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर दगडी कासव असते. त्याला हात लावून आपण आत जातो. समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर तोलणारा हाच कूर्म, असे कथेकरी सांगतात. कासव मान-पाय आत ओढून घेते, तसे माणसाने मन आवरून देवापुढे जावे, असा अर्थ जुनी मंडळी लावतात. समुद्र कोसों दूर असलेल्या आपल्या बालाघाटच्या मुलखातही पाथरवटांनी समुद्राची ही खूण दगडात उतरवून ठेवली आहे.

ओडिशात पुरीच्या किनाऱ्यावर असेच कासव वाळूत घडते. सुदर्शन पटनायक हे तिथले नामवंत वाळूशिल्पकार. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. समुद्री कासवांची मोठमोठी शिल्पे वाळूत घडवून ते लोकांना प्लास्टिक समुद्रात जाऊ देऊ नका म्हणून सांगतात. त्याच ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात, एकेका हंगामात लाखोंनी. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते, आतडे तुंबते आणि जीव जातो.

आता कोणी म्हणेल, साहेब, समुद्राचे आम्हाला काय? तर नद्यांची वाट पाहा. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. सीना आणि बोरी भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला. गोदावरी आणि कृष्णा दोन्ही बंगालच्या उपसागरात जातात आणि पुरी त्याच सागराच्या काठी आहे. वाटेत धरणे आहेत, त्यामुळे पुष्कळ कचरा तिथेच अडतो आणि आपल्याच पाण्यात राहतो. मोठ्या पुरात दरवाजे उघडले की त्यातला काही पुढे निघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने शेतांतून काय काय वाहून नेले, ते परंडा-भूमच्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या हाती एवढे आहे:

१) औषधाची बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात कोणी तेल-पाण्याला वापरणार नाही. ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका, जाळूही नका. धूर विषारी असतो.

२) मल्चिंगचा कागद पीक निघताच गोळा करा. एकदा नांगराखाली गेला की तुकडे वेचता येत नाहीत.

३) ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर न टाकता भंगारवाल्याला द्या. चार पैसेही मिळतील.

४) हे सारे मृगाच्या आधी उरका. पहिल्या पावसात ओढा बांधावरचे सगळे घेऊन जातो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर २००२ पासून कासवांची अंडी राखली. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक लांबून येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आणि त्यातून गावाला उत्पन्न मिळते. वेळासकरांना किनारा राखता आला, आपल्याला बांध राखता येईल. देवळातले कासव आवरायला शिकवते. या उन्हाळ्यात मनाबरोबर बांधही आवरून घ्या.