दुसरी सही

२ फेब्रुवारी २०२५ चा रविवार. अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील निर्णायक लढत सुरू होती. एका बाजूला २०२३ साली पुण्यात गदा जिंकलेला शिवराज राक्षे, दुसऱ्या बाजूला मुळशी तालुक्याचा तरुण पृथ्वीराज मोहोळ. पृथ्वीराजने डाव टाकला, शिवराज खाली गेला आणि पंचांनी त्याला चीतपट ठरवले. माझे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेच नव्हते, निकाल पुन्हा तपासा, असे शिवराजचे म्हणणे होते. वाद वाढला आणि राज्यातल्या एका अव्वल मल्लाने पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम लढतीतही महेंद्र गायकवाडने पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन अखेरच्या क्षणी मैदान सोडले. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचे समर्थन कोणीही करू नये. पंचाच्या अंगावर हात किंवा पाय टाकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, मग त्याची तक्रार शंभर टक्के खरी का असेना. पण शिक्षा झाली म्हणून प्रश्न मिटला, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. त्या रात्री घरोघरी मोबाइलवर ती चित्रफीत मागे-पुढे करून पाहिली जात होती. खांदा टेकला की नाही, यावर चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत निवाडे दिले जात होते. ज्याला निवाडा द्यायचा होता त्याने तो एका क्षणात दिला होता, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्यापाशी मात्र हवा तेवढा वेळ आणि हव्या तेवढ्या उजळण्या होत्या. ही उलटी परिस्थिती आहे.

पुणेकरांना याची चुणूक आधीच मिळाली होती. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला झालेल्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रला बाहेरली टांग या डावाबद्दल चार गुण मिळाले. सिकंदर खरोखर धोकादायक स्थितीत गेला होता का, म्हणजे त्याची पाठ गादीकडे पुरेशी वळली होती का, यावर महिनाभर रान उठले. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या मैदानात सिकंदरने शिवराजला हरवून गदा मिळवली, म्हणून तो विषय मागे पडला. पण गंमत पाहा. २०२३ मध्ये ज्या महेंद्रच्या बाजूने निर्णय गेला, तोच २०२५ मध्ये पंचांवर रागावून बाहेर पडला. आज निर्णय आपल्या बाजूने लागला म्हणून गप्प राहणाऱ्याला उद्या दाद मागायची वेळ येते. म्हणून हा कोणा एका मल्लाचा किंवा एका जिल्ह्याचा प्रश्न नाही.

जुन्या जत्रेतल्या फडात असे वाद होत नसत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात थोडे तथ्य आहे. तिथे गुणफलक नव्हता. कुस्ती निकाली झाली तर पाठ मातीला लागलेली साऱ्या गावाला दिसे, आणि शंका असली की वस्ताद मंडळी मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवत, इनाम दोघांत वाटून देत. गादीवरच्या कुस्तीत ही सोय नाही. तिथे सहा मिनिटांचा हिशेब आहे, एक, दोन, चार असे गुण आहेत, आणि निम्म्या सेकंदात झालेल्या हालचालीचे मोल ठरवायचे आहे. पंचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. पण त्या म्हणीतले पंच पाच असत, हे विसरतो.

माझे आयुष्य बँकेत गेले. बँकेत रुजू झालेल्या नव्या मुलाला पहिली शिकवण मिळते ती अशी की कोणताही व्यवहार एका माणसाच्या हातून पुरा होत नाही. कारकुनाने नोंद करायची, अधिकाऱ्याने तपासून सही करायची. तिजोरीच्या किल्ल्या दोन, आणि त्या दोघांकडे. तीस वर्षे इमाने-इतबारे काम केलेल्या रोखपालालाही ही दुसरी सही लागते आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. उलट ती सही त्याचे संरक्षण असते. रात्री तो निर्धास्त झोपू शकतो, कारण चूक झालीच तर तिला दोन डोळ्यांऐवजी चार डोळ्यांपुढून जावे लागलेले असते.

खेळांनीही ही दुसरी सही हळूहळू स्वीकारली. आपल्या घरातल्या उदाहरणापासून सुरुवात करू. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर धावबादचे अपील झाले आणि मैदानावरच्या पंचांनी दूरचित्रवाणीवरचे दृश्य पाहणाऱ्या तिसऱ्या पंचांकडे विचारणा केली. अशा रीतीने बाद ठरलेला कसोटीतला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. त्या दिवशी अनेकांना वाटले, आता पंचांची पत संपली. झाले नेमके उलटे. आज धावबादचा कठीण निर्णय कॅमेऱ्याकडे न पाठवणाऱ्या पंचाला आपण घाईचा म्हणतो.

अमेरिकेतल्या फुटबॉलची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तिथे लंबगोल चेंडू लाथेने उडवून दोन उंच खांबांमधून पलीकडे घातला की तीन गुण मिळतात. २६ डिसेंबर १९६५ रोजी ग्रीन बे आणि बाल्टिमोर या संघांच्या बाद फेरीच्या सामन्यात अशी एक लाथ खांबांच्या टोकावरून उंच गेली. चेंडू आतून गेला की बाहेरून? पंचांनी आतून म्हटले, सामना बरोबरीत आला आणि जादा वेळेत ग्रीन बेने तो जिंकला. वाद वर्षानुवर्षे चालला. पण तिथल्या संघटनेने पुढच्याच हंगामात दोन गोष्टी केल्या. खांब उंच केले, आणि खांबांखाली एकाऐवजी दोन पंच उभे केले. २०१४ मध्ये खांब आणखी पाच फुटांनी वाढवले. कॅमेरा तिथे आहेच. तरीही चेंडू खांबाच्या टोकाच्याही वरून गेला तर त्या निर्णयाची उजळणी होत नाही, कारण हवेत रेषा नाही. कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यांनी आधीच नियमात लिहून ठेवले आहे.

तेव्हा कॅमेरा आला की न्याय आला, असेही नाही. आपल्या गहुंजेच्या मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारताच्या दोन्ही सलामीवीरांनी दुसऱ्या डावात सुरुवातीलाच दोन्ही उजळण्या वाया घालवल्या. पुढच्यांना दाद मागायला जागाच उरली नाही, आणि आपण ३३३ धावांनी हरलो. मागायचा हक्क मर्यादित असला की माणूस विचार करून मागतो. निदान मागायला हवा. आंतरराष्ट्रीय कुस्तीत हे तत्त्व फार छान बांधले आहे. प्रशिक्षक आखाड्यात मऊ स्पंज टाकून निर्णयाला आव्हान देतो, पंच चित्रफीत पाहतात. आव्हान फोल ठरले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. आणि चीतपट हा सर्वांत मोठा निकाल तर मैदानावरचा पंच एकट्याने देऊच शकत नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते. म्हणजे दुसरी सही तिथे नियमातच आहे.

आपल्याकडे मग काय व्हावे? चीतपट जाहीर करण्यापूर्वी दुसऱ्या पंचाची संमती सर्वांना दिसेल अशा खुणेने घेतली जावी. वादाचे दृश्य मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवावे आणि निर्णय का दिला, हे पंचांनी ध्वनिक्षेपकावरून दोन वाक्यांत मराठीत सांगावे. अमेरिकेतले पंच तसे सांगतात. शिट्ट्या मारणारे प्रेक्षकही तेवढा वेळ ऐकतात. प्रत्येक मल्लाला एक आव्हान, आणि ते विजेत्याचा हात वर होण्यापूर्वीच. त्यानंतर मात्र दिवस बंद. बँकेतही दिवसअखेर खाती जुळवून वही मिटतात. दुसऱ्या दिवशी सापडलेली चूक खोडत नाहीत; स्वतंत्र नोंद करून, सही करून दुरुस्त करतात. चुकलेल्या निर्णयाची अशी लेखी नोंद संघटनेने ठेवली तर गदा परत फिरणार नाही. पण हरलेल्याचे म्हणणे कागदावर राहील आणि पुढच्या पंचाला त्यातून शिकता येईल.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. दूध, तूप, बदाम यांच्या खुराकापायी आणि तालमीच्या खर्चापायी शेतकरी बाप काय काय विकतो, हे गावाकडे नाते असणाऱ्याला सांगायला नको. गदेमागे केवळ मान नसतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या विजय चौधरी यांना पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळाले, तशी आशा कित्येक घरांत असते. इतके काही एका खांद्याच्या टेकण्यावर अवलंबून असताना तो निर्णय एका माणसाच्या एका नजरेवर सोडणे हा त्या मल्लावर अन्याय आहेच, पण पंचावरही आहे. तोही बहुधा एकेकाळी लाल मातीत घाम गाळलेलाच असतो, आणि त्यालाही सामना संपल्यावर पोलिसांच्या सोबतीशिवाय घरी जायचे असते.

पुढच्या महाराष्ट्र केसरीच्या मंडपासाठी, पाहुण्यांच्या कोचांसाठी आणि फटाक्यांसाठी निधी उभा राहीलच. त्यातला थोडासा भाग दोन चांगल्या कॅमेऱ्यांवर आणि पंचांच्या आठवडाभराच्या प्रशिक्षणावर खर्च करावा, एवढीच संयोजकांना विनंती.