प्रणाली बसवली, पुढे काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी कंपनीने जे निकष ठरवले, त्यांत जुनी यंत्रे बसत नाहीत. यंत्रे झिजली नव्हती. मालकाने हात काढून घेतला, इतकेच. आष्टी तालुक्यातील कड्यासारख्या गावी शाळेतला, पतसंस्थेतला वा संघटनेच्या कचेरीतला दहा वर्षांचा संगणक ही भंगारात टाकण्याची वस्तू नव्हे. त्यावर लिनक्स बसवावे हा विचार म्हणूनच योग्य आहे.

पण खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. एखादा जाणकार तरुण रविवारी येतो, तासाभरात प्रणाली बसवतो आणि नगरला परततो. सोमवारी लेखनिक यंत्रापुढे बसतो तो मराठी उमटत नाही, छपाईयंत्र दाद देत नाही. आठवड्याच्या आत विंडोजची चोरटी प्रत पुन्हा विराजमान होते. दोष लिनक्सचा नाही, लेखनिकाचा तर नाहीच. बसवले म्हणजे काम संपले, ही समजूत घातक आहे.

नवख्याने मिंटसारखी सोपी आवृत्ती घ्यावी. जुन्या यंत्राला तिचे एक्सएफसीई हे हलके रूप मानवते. पहिल्याच दिवशी सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात, आणि त्या चालू असताना वीज जाणार नाही अशी तजवीज ठेवावी. (मराठवाड्यातील वाचकास यावर अधिक सांगणे नको.) मग टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची प्रत राखावी. मात्र ते एरवी आपली कागदपत्रे सांभाळत नाही, ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी लागतात. प्रत्येकाचे खाते निराळे असावे आणि व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द एकाच्याच खिशात नसावा.

मराठीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळते. भारत सरकारने ही मांडणी १९८६ साली प्रमाण ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने ही तिची रचना टंकलेखन यंत्रावर वाढलेल्या बोटांना आरंभी जड जाते. पण ती कोणा कंपनीची मिरास नाही. कड्याला रेल्वेसाठी २०२२ सालची वाट पाहावी लागली. संगणकातली मराठी कोणत्याही मंजुरीवाचून अडलेली नाही.

अडले आहे ते जुने दप्तर. ठराव, अर्ज, हिशेबाची टिपणे वर्षानुवर्षे खासगी फाँटांत लिहिली गेली. त्या फाँटांत अक्षर मराठी दिसते, आतली खूण मात्र रोमन असते; फाँट नसलेल्या यंत्रावर तोच ठराव निरर्थक रोमन अक्षरांचा ढिगारा होतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली होती, त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्‌स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली. तरीही आपण खासगी खुणांत लिहीत राहिलो. हे लेखन युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत; पण रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने मुळाशी ताडून पाहिलेच पाहिजे. छपाईयंत्राचे म्हणाल तर ते लिनक्सवर चालते की नाही, हे प्रणाली बदलण्याआधीच पाहून घ्यावे.

फुकट मिळते म्हणून लिनक्स घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजीत एकाच शब्दाने होणारा घोटाळा मराठीत होत नाही: फुकट निराळे, मुक्त निराळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो प्रणाली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क सर्वांना असावा म्हणून. केरळने शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणले आणि त्यासाठी आधी शिक्षक तयार केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली भारतीय भाषांसाठी बॉस ही लिनक्स प्रणाली काढली. महाराष्ट्रात मात्र एमएस-सीआयटीने एक पिढी संगणकसाक्षर केली, ती संगणक म्हणजेच विंडोज हे समीकरण मनात पक्के करूनच.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रणाली बसवणारा शोधण्याआधी पहिला पंधरवडा लेखनिकाच्या शेजारी बसणारा माणूस शोधावा. यंत्रे दोन असतील तर एकावर जुनी विंडोज, इंटरनेटची जोडणी काढून, तशीच राहू द्यावी. सारे दप्तर युनिकोडमध्ये येईपर्यंत जुने ठराव उघडून ताडून पाहण्यास ती लागेल.