हरल्यानंतरचं हस्तांदोलन

मैत्रिणींनो, टेनिसचा अंतिम सामना टीव्हीवर चालू असला, की शेवटचा चेंडू पडेपर्यंत घरातली सगळी मंडळी खिळून बसतात. चेंडू पडला, जिंकणाऱ्याने हात उंचावले, की कुणीतरी उठून टीव्ही बंद करतं. माझं मात्र म्हणणं असं, की आपण बायकांनी पाहावं असं खरं दृश्य त्यानंतरच सुरू होतं. ते दृश्य असतं हरलेल्या खेळाडूचं.

बघा हं, खो-खोत किंवा क्रिकेटमध्ये हरलं तर दुःख वाटून घ्यायला बाकीचा संघ असतो. टेनिसच्या एकेरीत हरणारी अगदी एकटी. तिला तोंड लपवायलाही सवड नाही. आधी जाळ्यापाशी जाऊन जिंकलेलीशी हस्तांदोलन करायचं, मग पंचांशी. अंतिम सामना असेल तर बक्षीस समारंभाची तयारी होईपर्यंत सर्वांच्या देखत बसून राहायचं, दुसरं बक्षीस घ्यायचं आणि बहुतेक मोठ्या स्पर्धांत ध्वनिक्षेपकापुढे चार शब्द बोलायचे. त्यातही पहिले शब्द जिंकलेलीच्या कौतुकाचे! आपल्यापैकी कितीजणींना जमेल?

१९९३ ची विम्बल्डनची अंतिम फेरी काहीजणींना आठवत असेल. याना नोवोत्ना आणि स्टेफी ग्राफ. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ ने पुढे होती. आणखी एक गुण मिळाला असता तर ५-१ झालं असतं. नेमकी तिथे तिची सर्व्हिस दोन्ही वेळा चुकली, आणि तिथून ग्राफने सलग पाच गेम घेऊन सामना जिंकला. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तो हा असा. बक्षीस घ्यायला गेल्यावर नोवोत्नाचा बांध फुटला, आणि बक्षीस देणाऱ्या डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसाहमशी रडली. त्यांनीही तिला जवळ घेतलं.

आता कुणी म्हणेल, रडली म्हणजे हार पचवली नाही. मला तसं वाटत नाही. तिने पंचांना दोष दिला नाही, ग्राफच्या विजयाला नावं ठेवली नाहीत. नुसतं दुःख झालं, ते डोळ्यांतून वाहिलं. रडणं आणि रडीचा डाव खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रडीच्या डावाचं उदाहरणही त्याच खेळात आहे. १९९९ ची पॅरिसची फ्रेंच स्पर्धा. अठरा वर्षांची मार्टिना हिंगीस पहिला सेट जिंकून पुढे होती. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला तिचा एक चेंडू बाहेर दिला गेला. तिला ते पटलं नाही, आणि चेंडूची खूण दाखवायला ती जाळं ओलांडून थेट ग्राफच्या बाजूला गेली. नियमाप्रमाणे दंड झाला, प्रेक्षक बिथरले. पुढे जिंकायला एक गेम उरला असतानाही ती हरली. शेवटी शेवटी तर तिने हात खाली ठेवून सर्व्हिस केली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. सामना संपल्यावर ती तडक मैदान सोडून आत निघून गेली.

मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. तिची आई, मेलानी मोलिटोर, हीच तिची प्रशिक्षक होती. लेक रडत आत आली होती, बाहेर हजारो लोक ओरडत होते. कुठल्याही आईला वाटेल, पोरीला गाडीत घालावं आणि घरी न्यावं. पण समारंभासाठी हिंगीस परत मैदानात आली ती आईला बिलगून, रडत रडत. तिने दुसरं बक्षीस घेतलं. आई सोबत आली, पण जायचं होतं ते लेकीलाच. आईपणातली ही फार अवघड जागा आहे बरं!

आणि आपल्याकडे काय दिसतं? मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वक्तृत्व स्पर्धेचा निकाल लागला, की वर्गाबाहेर हमखास ऐकू येतं, “परीक्षक त्यांच्या ओळखीचेच होते” किंवा “तिला घरून भाषण लिहून दिलं होतं.” मूल शेजारीच उभं असतं. आपण त्याचं सांत्वन करतो असं आपल्याला वाटतं. मूल मात्र एवढंच शिकतं, की आपण हरलो तर दुसऱ्याने लबाडी केलेली असणार. कधी खरोखर अन्याय झालेला असतोही. तो दुसऱ्या दिवशी शिक्षकांपुढे शांतपणे मांडावा. त्या घटकेला जिंकलेल्या मुलीचा आनंद हिरावून घेऊ नये.

सानिया मिर्झाने हेच दाखवलं. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला रोहन बोपण्णाबरोबर ती मिश्र दुहेरीचा अंतिम सामना हरली. मोठ्या चार स्पर्धांमधला तिचा तो शेवटचा सामना. तिचा लहानगा मुलगा तिथेच होता. बोलताना तिचा गळा दाटून आला, पण जिंकलेल्या जोडीचा क्षण आपल्याला हिरावून घ्यायचा नाही, असं तिने आवर्जून सांगितलं.

तेव्हा मैत्रिणींनो, मूल हरून आलं की एवढं करून पाहा. आधी जिंकलेल्याचं अभिनंदन करून यायला लावा. लाजत असेल तर सोबत जा, पण बोलायचं त्यानेच. घरी आल्यावर हवं तितकं रडू द्या. “त्यात काय एवढं” म्हणू नका, कारण त्याच्यासाठी ते एवढंच मोठं असतं. काय चुकलं याची उजळणी जेवून-झोपून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. आणि पत्त्यांत किंवा कॅरममध्ये मुद्दाम हरून त्याला सदा जिंकवू नका. हरायची सवय घरातच लागलेली बरी.

आणखी एक. नोवोत्ना १९९७ ला विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पुन्हा हरली, ती याच हिंगीसकडून. १९९८ मध्ये तिने उपांत्य फेरीत हिंगीसला हरवलं, मग अंतिम सामना जिंकला, आणि दुहेरीचं विजेतेपदही त्याच वर्षी मिळवलं. जोडीदार कोण? हिंगीस! पुढे २०१५ मध्ये विम्बल्डनला सानियाची जोडीदारही हिंगीसच होती. आज जाळ्यापलीकडे असलेली मुलगी उद्या आपल्या बाजूला असू शकते. हात मिळवताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.