उशीर गल्ल्यावरून सुरू होतो

"माणसंच मिळत नाहीत हो." जेवण यायला पाऊण तास लागला म्हणून गल्ल्यावर तक्रार करायला गेलात, की हे वाक्य ठरलेलं. ते इतक्या सवयीनं म्हटलं जातं की तक्रार करणाराच ओशाळतो. माणसंच नाहीत तर बिचारा मालक तरी काय करणार? आपण मान डोलावतो, पैसे देतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि बाहेर आल्यावर एकट्यानं सात-आठ टेबलं ओढणाऱ्या त्या पोराला नावं ठेवतो.

माणसं मिळत नाहीत हे खरं आहे. म्हणून जेवायला उशीर होतो, हे मात्र मला मान्य नाही.

आधी मालकांच्या आवडत्या सिद्धान्ताकडे वळू. हल्ली कोणाला काम नको असतं. रेशन फुकट, खात्यात सरकारचे पैसे, मग कोण कष्ट करतंय? हे सांगणाऱ्यानं आपल्याच दाराबाहेर नजर टाकावी. मे महिन्याच्या उन्हात, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन, त्याच हॉटेलचं पार्सल न्यायला जो मुलगा ताटकळत उभा आहे, तो दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी हॉटेलातच टेबलं पुसत असण्याची शक्यता बरीच आहे. पावसात भिजत, पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालत तो दिवसभर गाडी हाकतो. अशा माणसाला आळशी म्हणायला धाडस लागतं. काम त्यानं सोडलेलं नाही, हॉटेल सोडलंय.

का सोडलं, ते ब्रेक ड्यूटीच्या हिशोबात दिसतं. सकाळी दहाला हजर व्हायचं. दुपारचं गिऱ्हाईक चारपर्यंत. मग 'ब्रेक'. साडेसहाला पुन्हा उभं राहायचं, ते शेवटचं टेबल उठून लादी पुसून होईपर्यंत, म्हणजे बाराच्या आसपास. कागदावर मधले अडीच तास सुट्टीचे. त्या अडीच तासांत खोलीवर जाऊन यावं तर खोली लांब. मग माळ्यावर नाहीतर दोन बाकं जोडून पाठ टेकायची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास काम, त्यापुढे दुप्पट दरानं मजुरी, आणि कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण पसारा साडेदहा तासांचा, थांबून थांबून चालणाऱ्या कामात फार तर १२ तासांचा, असं मुळात लिहिलेलं होतं. दहा ते बारा म्हणजे १४ तास. मिळेल त्या पगारात "राहणं-खाणं आमचं" हेही मोजलेलं असतं. राहणं म्हणजे एका खोलीत आठ-दहा जण, आणि खाणं म्हणजे गिऱ्हाईक संपल्यावर जे उरेल ते. गाडीवरच्या कामातही सुख नाही, पण तिथं निदान मोबाइल बंद करून घरी जाता येतं.

२०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं या ९ तासांचे १० करायला आणि कायदा लागू होण्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर न्यायला मान्यता दिली. माणसं टिकत नाहीत यावरचा सरकारी इलाज हा: जी टिकलीत त्यांना आणखी तासभर ताणा, आणि लहान हॉटेलांना बऱ्याचशा नियमांतून मोकळं करा. ज्या धंद्यातून माणसं पळतायत तिथं हे औषध कितपत लागू पडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दुसरा पक्ष जुन्या गिऱ्हाइकांचा. "पूर्वी खुर्ची ओढायच्या आत पाण्याचा ग्लास समोर यायचा." यायचा, खरंच यायचा. आणायचा कोण? अर्ध्या चड्डीतला पोऱ्या. एका हाताची चार बोटं चार ग्लासांत बुडवून आणणारं दहा-बारा वर्षांचं पोर. १० ऑक्टोबर २००६ पासून धाबे, उपाहारगृहं आणि हॉटेलांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला देशभर बंदी आली; २०१६ च्या दुरुस्तीनं ती जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. जुन्या तत्परतेच्या आठवणीनं ज्यांना गहिवरून येतं त्यांनी त्या तत्परतेचं वयही आठवून पाहावं.

मुंबईच्या उडपी हॉटेलांची गोष्ट यापेक्षा थोडी वेगळी, आणि मला ती महत्त्वाची वाटते. दक्षिण कन्नडातून मुलं यायची, दिवसा कपबशा धुवायची आणि संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत बसायची. त्यांतले काही पुढे मालक झाले. माटुंग्याला १९४२ मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे रामा नायक हेही पोरवयात मुंबईला येऊन स्वयंपाकघरात राबलेले. म्हणजे त्या राबण्याला पुढे कुठे तरी जाणारी वाट होती. पुढे किनाऱ्यावरच्या त्या गावांत शाळा-कॉलेजं झाली, बँका आल्या, आखाताचा रस्ता खुला झाला, आणि उडपी मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या, गावाहून मुलं येईनाशी झाली. मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल, नेपाळ. एक भाग सुधारला की त्याहून गरीब भाग शोधायचा, अशी ही वाटचाल. सगळा धंदाच या गृहीतकावर उभा, की पुढचा गरीब जिल्हा कायम सापडत राहील. तो आता लवकर सापडत नाही, तेव्हा "माणसं मिळत नाहीत" अशी हाकाटी सुरू झाली. या मजुरीच्या दरात मिळत नाहीत असं म्हणा. बाकीचं वाक्य बरोबर आहे.

पण समजा, मजुरीचा प्रश्न आज सुटणार नाही. आज, या घडीला हॉटेलात निम्मीच माणसं आहेत. तरी माझा मुद्दा कायम राहतो, आणि त्यासाठी जरा आत डोकवायला हवं.

पुण्यातलं एखादं बेताचं 'फॅमिली' हॉटेल घ्या. छठचा आठवडा, बिहारकडची पोरं गावाला गेलेली. वीस टेबलं. एरवी सहा वेटर आणि तीन टेबल पुसणारी मुलं. आज तीन वेटर, एक मुलगा. मेनूकार्ड मात्र तेच बारा पानी: डोसे, पंजाबी, चायनीज, पावभाजी, पिझ्झा, फालुदा. साडेआठला गर्दी येते आणि गल्ल्यावरून आवाज सुटतो, "बसवून घ्या, बसवून घ्या." दहा मिनिटांत वीसही टेबलं भरतात. उशीर इथं होतो. अजून कोणी काही मागवलेलंही नाही, पण निकाल लागलेला आहे.

कारण आधी उष्टी ताटं उचलायची आहेत. पुसणारा एकच, म्हणून वेटरच ताटं उचलतो. तेवढ्या वेळात ऑर्डर घ्यायला कोणी नाही. मग तो सहा टेबलांच्या ऑर्डरी एका दमात घेतो आणि सहा चिठ्ठ्या एकदम भटारखान्यात जाऊन पडतात. चायनीजचा कारागीर गावाला गेलाय, त्यामुळे डोसेवालाच कढई हलवतो आणि तवा थंड पडतो. तंदूरवर एकटा माणूस. त्याच्यापुढे अठरा रोट्या, सात नान आणि दोन लसूण नान एकाच वेळी. तरीही, हॉटेलात काम केलेला कोणीही सांगेल, स्वयंपाक फारसा रखडत नाही. भाजी तयार होऊन खिडकीत येते आणि तिथं पडून राहते, कारण उचलायला हात नाही. नान चिवट होतो, ग्रेव्हीवर साय धरते. वेटर ती टेबलावर आणतो तेव्हा बोलणी त्याला बसतात. सगळ्यात मोठा घोळ शेवटी. जेवून झालेली चार टेबलं बिलाची वाट बघत हात वाळवत बसलेली, आणि ती उठावीत म्हणून दाराशी चार कुटुंबं उभी. कोणी कोणाला जेवू देत नाही आणि उठूही देत नाही.

त्यात पार्सलं. ॲपवरून आलेल्या ऑर्डरीला किती मिनिटं लागली ते तिकडे यंत्रात नोंदलं जातं. टेबल नंबर अकराला किती मिनिटं लागली याची नोंद कुठेच होत नाही. मग तंदूरमधून निघालेली पहिली रोटी कुठे जाईल? मी एकदा भर गर्दीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून हा खेळ पाहत होतो. आमच्यानंतर आलेली पार्सलं आमच्या डोळ्यांदेखत बाहेर पडत होती आणि वेटर आमच्याकडे न बघता बरणीतलं लोणचं सारखं करत होता. त्याला काय बोलणार? पहिलं कोणाचं द्यायचं हे ठरवणारा तो नव्हताच.

त्याच वीसपैकी दहा टेबलांच्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या असत्या तर? तीन वेटरना दहा टेबलं झेपतात. चिठ्ठ्या झुंडीनं पडत नाहीत, सुट्या सुट्या येतात. ताट उचललं जातं, बिल येतं, टेबल मोकळं होतं, पुढचं कुटुंब बसतं. वीस टेबलं कोंडून जितकी माणसं रात्रभरात जेवतात, त्यापेक्षा या दहांवर फार कमी जेवतील असं मला वाटत नाही. हे मालकांना माहीत नाही असंही नाही. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२० च्या ५ ऑक्टोबरला राज्यातली हॉटेलं पुन्हा उघडली ती निम्म्या क्षमतेनंच. तेव्हा दर एक टेबल सोडून फुली मारलेली होती आणि जग बुडालं नव्हतं. रोगाच्या भीतीनं जे जमलं ते माणसं कमी आहेत म्हणून का जमू नये?

आता तिसरा पक्ष, आणि हा मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो सज्जनांचा आहे. "गिऱ्हाइकानं समजून घ्यावं. तीही माणसंच आहेत." वेटरवर खेकसू नये हे शंभर टक्के कबूल, जो खेकसतो त्याच्याबरोबर मी जेवायला जात नाही. पण समजून घेणं आणि मुकाट बसणं यांत फरक आहे. आत बसवण्यापूर्वी "आज माणसं कमी आहेत, पाऊण तास लागेल" असं सांगितलं तर मी समजून घेईन, किंवा मधुमेही आईला घेऊन शेजारी इडली खायला जाईन. बसवल्यावर, पाणी पाजल्यावर, भुकेलं पोर रडायला लागल्यावर जी मागितली जाते तिला सहनशीलता म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात. शिवाय आपल्या सोसण्याचा फायदा कोणाला? तीन माणसांच्या पगारात सहांचं काम निघालं आणि बिल पूर्ण आलं. वाचलेले तीन पगार त्या धावणाऱ्या तिघांत वाटले गेल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

मालकांच्या अडचणी खोट्या नाहीत. जागेचं भाडं, सिलेंडर, ॲपचं कमिशन, आणि शेजारी नवं हॉटेल. पण भाडं वाढलं की डोशाचा दर वाढतो, तेल वाढलं की वाढतो, कांदा महागला की ताटातला कांदाच नाहीसा होतो. पगार वाढवायची वेळ आली की मात्र अचानक गिऱ्हाइकाच्या खिशाचा कळवळा येतो. सेवाशुल्काचा तमाशा आठवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बिलात परस्पर सेवाशुल्क लावायला मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. हे पैसे कामगारांसाठीच असतात, हा त्यांचा मोठा युक्तिवाद. मग ते सरळ पदार्थाच्या दरात मिळवा आणि पगारात द्या, कोणी अडवलंय? दहा रुपये जास्त देऊन गरम रोटी खायला माझ्यासारखे पुष्कळ तयार आहेत.

आणि कमी माणसांत चांगलं वाढता येतं याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आपली पंगत बघा. पाच वाढपी शंभर पानं वाढतात, कारण काय जेवायचं हे आधीच ठरलेलं. एक जण भात घेऊन निघतो, त्याच्यामागे वरण, त्यामागे तूप. कोणी हात वर करून हाका नूडल्स मागत नाही. माटुंग्याच्या त्या बोर्डिंगात आजही टोकन घेऊन थांबावं लागतं; लोक थांबतात आणि कुरकुरत नाहीत, कारण थांबायचं बाहेर असतं. एकदा पानावर बसलं की वाढणारा समोर हजर. ठाण्याच्या मामलेदार मिसळीत किती तिखट हवी एवढं सांगितलं की काम झालं. यांतल्या कोणाकडेही माणसांची रेलचेल आहे म्हणून हे चालत नाही. जेवढं झेपतं तेवढंच मांडायचं, या शिस्तीवर चालतं.

तेव्हा माणसं गावाला गेली की बारा पानी कार्ड कपाटात जावं आणि फळ्यावर आठ पदार्थ लिहिले जावेत. झेपतील तेवढीच टेबलं उघडी राहावीत. दाराशी खरी वेळ सांगितली जावी. पाण्याचा जग टेबलावर ठेवा, आम्ही ओतून घेऊ, हात झडत नाहीत. पार्सल दोन तास बंद करायचं यंत्रातलं बटण मालकांना ठाऊक असतं, ते दाबायचं. आणि दिवाळी, छठ, होळी, गावाकडची लगीनसराई ही काही आकाशातून कोसळणारी संकटं नव्हेत. पोरं दरवर्षी याच दिवसांत जातात. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाकी सहा महिने आधी सांगून ठेवणारा समाज आपला. वीस टेबलांच्या धन्याला बदली माणूस आधी का पाहून ठेवता येऊ नये?

एका ओळखीच्या हॉटेलवाल्यांशी हे सगळं बोललो तेव्हा त्यांनी एकच हरकत घेतली. "खुर्च्या उलट्या दिसल्या की लोकांना वाटतं धंदा बसला." हरकत प्रामाणिक होती, म्हणून मी पाटी सुचवली: आज वाढणारे तिघेच आहेत, म्हणून दहाच टेबलं. ते म्हणाले, "असं कसं लिहिणार? मग लोक विचारतील ना, बाकीचे का गेले."