मेलेल्या माणसाची शिपाईगिरी

जपानचा सामुराई तेवढा लढवय्या, आणि शेजारचा कोरिया पोथींत डोकें घालून बसलेला दुबळा, असें सर्रास सांगितलें जातें. वाचकहो, लढवय्येपणाचीं हीं प्रशस्तिपत्रें वाटणारे एक गोष्ट विचारीत नाहींत. तलवार कोणाच्या हातीं होती आणि तिचा खर्च कोणाच्या मानेवर होता?

कोरियांत 1392 पासून 1910 पर्यंत चोसन घराण्याचें राज्य होतें. तेथील वरिष्ठ वर्गास यांगबान म्हणत. शब्दाचा अर्थच 'दोन पंगती'. एक लेखणीची, एक तलवारीची. शिपाईगिरीची सरकारी परीक्षा असे, तींत तिरंदाजी पाहात, घोडा पाहात. तरी मान लेखणीच्या पंगतीचा मोठा.

मग कुणब्याच्या वांट्यास काय आलें? 16 ते 60 वर्षांच्या सामान्य पुरुषानें लष्करी चाकरी करावी असा कायदा होता. पुढें चाकरीऐवजीं वर्षास दोन ठाण कापड सरकारांत भरण्याचा रिवाज पडला. कापड घरच्या बायांनीं विणावयाचें. यांगबानास मात्र व्यवहारांत माफी! कामगारांना वसुलीचा आंकडा पुरा पाहिजे. म्हणून तान्ह्या पोरांचीं नांवें शिपायांच्या पटावर चढत आणि मेलेल्यांचीं उतरत नसत. या दुसऱ्या जुलमास त्यांच्या भाषेंत नांवच आहे, त्याचा अर्थ 'पांढऱ्या हाडांवर कापडाची वसुली'. कोणी गांव सोडून पळाला तर त्याचें कापड शेजाऱ्यानें नाहींतर भाऊबंदांनीं भरावें. 1750 सालीं दोनाचें एक ठाण झालें. यांगबानाच्या घरावर तो कर बसण्यास 1871 साल उजाडावें लागलें. तो बसविला राजाचा बाप देवॉनगुन यानें.

जपानांत निराळी तऱ्हा. हिदेयोशी स्वतः गरीब घरांतला, पण 1588 सालीं त्यानेंच शेतकऱ्यांचीं हत्यारें काढून घेतलीं. वर चढलेल्यानें शिडी ओढून घ्यावी तसें हें झालें. 1592 सालीं त्याचें सैन्य कोरियावर उतरलें व सुमारें तीन आठवड्यांत राजधानी पडली. राजा पळाला. तेव्हां गांवोगांव शेतकरी, गुलाम, बौद्ध भिक्षू उभे राहिले; कांहीं यांगबानही त्यांचे पुढारी झाले, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. आरमाराचा सेनापति यी सुन-सिन यास तर दरबारानें 1597 सालीं पदच्युत करून साधा शिपाई केलें होतें. परत बोलावल्यावर त्यानें त्याच सालीं 13 गलबतांनीं शंभरांहून अधिक जपानी गलबतें अडविलीं. 1594 पासून उभारलेल्या सोगो फौजेंत वरिष्ठ व गुलाम दोघेही एकाच पटावर होते. संकट सरलें तसे वरिष्ठ हळूहळू गळाले, गुलाम राहिले.

जपाननें 1873 सालीं सर्वांस सक्तीची भरती लागू केली. पण 270 येन भरणाऱ्यास सूट ठेवली. एवढे येन कोणत्या शेतकऱ्याच्या घरीं असणार? ठिकठिकाणीं शेतकऱ्यांनीं दंगे केले.

आज दक्षिण कोरियांत धडधाकट तरुणास सैन्यांत सुमारें दीड वर्ष जावेंच लागतें, बाप कोणी का असेना. 1997 सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकींत ली होइ-चांग या बड्या उमेदवाराच्या दोन्ही मुलांना वजन कमी म्हणून माफी मिळाल्याचें बाहेर आलें, आणि देशभर काहूर उठलें. ती निवडणूक तो हरला.