समुद्री शेवाळ: आधी तपासणी, मग ताट

परवा नारपोलीतल्या माझ्या दवाखान्यात एक यंत्रमाग जॉबर आले. खिशातून कात्रण काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, समुद्री शेवाळात लोह, आयोडीन भरपूर असतं म्हणे. सून पोटुशी आहे, चालू करू का?"

मी म्हटले, शेवाळ तुम्ही कधीच खाल्लेय. रमजानात शेजारून येणारे चायना ग्रासचे पुडिंग म्हणजे समुद्री शेवाळाचाच अर्क. तो उकळून घेतात, म्हणून भीती नाही. गंमत अशी, की जुलाबाचे जंतू ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत ते याच अर्काच्या, म्हणजे अगारच्या थाळीवर वाढवतात. १८८१ साली ही युक्ती फॅनी हेसे या बाईंना स्वयंपाकघरातूनच सुचली.

कच्च्या शेवाळाची गोष्ट मात्र वेगळी. २०१६ साली हवाई बेटांवर ओगो नावाचे शेवाळ खाऊन डझनाहून अधिक लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली. माग काढता काढता अधिकारी शेवाळाच्या एका शेतापर्यंत पोचले.

आपल्याकडे पाणी तपासायचे म्हटले की कॉलिफॉर्म पाहतात. ती मैला मिसळल्याची खूण. पण व्हिब्रिओ कुळातले जंतू कोमट खाऱ्या पाण्यात मैल्यावाचूनही सुखाने राहतात, आणि पटकीचा जंतू याच कुळातला. म्हणजे कॉलिफॉर्मचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी शेवाळावर व्हिब्रिओ असू शकतो. त्यासाठी नमुना आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात काही तास वाढवून मग खास थाळीवर पसरतात. दुसऱ्या दिवशी पटकीच्या जंतूचे ठिपके पिवळे दिसतात, पॅराहिमोलिटिकसचे हिरवे. पुढे खात्रीच्या चाचण्या असतातच. साल्मोनेलाला तर चार-पाच दिवस लागतात. वाळवल्याने जंतूंची वाढ थांबते, सगळे मरतातच असे नाही.

२०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीसाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले. कोळी भगिनींना त्यातून चार पैसे मिळावेत, याला कोण नाही म्हणेल? पण दोऱ्या आणि तराफ्यांना अनुदान देताना किनाऱ्यावर तपासणीची सोयही त्याच पैशातून व्हायला हवी. माल बाजारात गेल्यावर नमुने गोळा करण्यात काय अर्थ? तोवर तो लोकांच्या पोटात गेलेला असतो.

जॉबरांना म्हटले, सुनेला कच्चे शेवाळ नको. गरोदरपणी साल्मोनेलाचा ताप आईला आणि बाळालाही महागात पडतो. शिवाय काही शेवाळांत आयोडीन गरजेपेक्षा फारच जास्त असते.

"मग आयोडीनचं काय?"

"घरातल्या मिठाच्या पिशवीवर काय छापलंय ते बघा. आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या ती रोज घेते का, तेवढं विचारा."