घर पाहावं दुरुस्त करून : गीझर, पंप आणि पाऊण लिटर पाणी

मस्कतच्या उन्हाळ्यात निळ्या खुणेच्या नळाला गरम पाणी येतं आणि लाल खुणेच्या नळाला त्यातल्या त्यात गार, हे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. गच्चीवरची टाकी उन्हात तापते, गीझर मात्र बंद आणि घरात सावलीला! वादी अदाईसारख्या डोंगरांनी वेढलेल्या वस्तीत तर कातळ रात्रीसुद्धा धग सोडत असतो. नोव्हेंबरात गीझरचं बटण पुन्हा चालू होतं, आणि "वरच्या बाथरूममध्ये शॉवरला धारच नाही" ही तक्रारही.

त्याचं कारण साधं आहे. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. दुमजली घरात वरचा शॉवर टाकीच्या खाली जेमतेम २ मीटर, म्हणजे ०.२ बार. अंगावर पाणी पडतं म्हणायचं इतकंच. मग गच्चीवर प्रेशर पंप येतो, दोन-तीन बारचा जोर मिळतो आणि घरातले सगळे खूष.

इथेच जरा थांबा. ५० लिटरच्या गीझरमधलं पाणी ३० अंशांवरून ६५ पर्यंत तापवलं की ते फुगून सुमारे पाऊण लिटरने वाढतं. आजवर हे वाढलेलं पाणी आल्या वाटेने गुपचूप टाकीकडे परत सरकत होतं. पंपाबरोबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला की ती वाट बंद. काही जुन्या घरांत गरम लाइनीची एक उघडी नळी टाकीच्या वर काढलेली असते. पंप सुरू झाला की ती गच्चीवर कारंजं उडवते, आणि मग तिलाही बूच मारलं जातं. आता पाऊण लिटर पाण्याने जावं कुठे?

जाण्याचा एकच मार्ग उरतो, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो नसेल किंवा क्षाराने जाम झाला असेल, आणि त्यातच थर्मोस्टॅट अडकला, तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे उकळत नाही. टाकी फुटली की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा लागते. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण पंपाची किंमत विचारताना हेही विचारा.

प्लंबरला काय सांगाल? गीझरवर कंपनीने छापलेला दाब आधी वाचायला सांगा. उघड्या नळीसाठी बनवलेला जुना गीझर असेल तर तो बदलणंच बरं. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा हवा, आणि गीझर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कॉक नको. त्याची नळी मोरीच्या जाळीपर्यंत उघडी सोडायची. पाणी तापताना चार थेंब पडतात, ते पडायलाच हवेत. "ठिबकतंय" म्हणून तोंड बंद करणारे महाभाग आपल्यात आहेत! थेंब नकोच असतील तर छोटी एक्स्पान्शन टाकी बसवून घ्या. सहा महिन्यांनी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाहा, पण पाणी कढत असेल, हात जपून.

पंप टाकीच्या तोंडाशी, सगळ्या घरासाठी एकच असू द्या. नुसत्या गार लाइनीवर बसवला तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतं. टँकर उशिरा आला तर पंप कोरडा फिरून जळतो, म्हणून पाणी नसताना बंद पडणारा कंट्रोल घ्या. अर्थिंग आणि ईएलसीबी इलेक्ट्रिशियनकडूनच. भाड्याचं घर असेल तर अरबाबला आधी विचारा.

आणखी एक. उन्हाळाभर गीझरमध्ये साठलेलं कोमट पाणी लिजनेला जंतूंना फार मानवतं. म्हणून थंडीत पहिल्यांदा पाणी पुरतं, ६० अंशांच्या वर, तापू द्या आणि मग सगळे गरम नळ थोडा वेळ वाहते ठेवा. त्या वेळी खिडकी उघडी ठेवून बाहेर उभं राहायचं, आणि मुलांना बाथरूममध्ये सोडायचं नाही.